जोडीनं जायचं, जोडीनं यायचं

अपेक्षा ओव्हाळ समुद्र बघायला जाणार, हे फक्त अपेक्षानंच ठरवलं होतं. शिबिरात ठरवाठरवी करणाऱ्या मंडळींना तिचं नावही धड ठाऊक नव्हतं. पण एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं तिच्या आईलाही जमत नसे, तिथं शिबिरवाल्यांची काय कथा.

शिबिर मुळशी धरणाच्या काठी, एका रिसॉर्टच्या मैदानात भरलं होतं. स्काउट-गाइडचं आंतरराष्ट्रीय शिबिर. डेन्मार्क, केनिया, श्रीलंका, नेपाळ आणि कुठकुठली मुलंमुली गळ्यात रंगीत स्कार्फ अडकवून तंबूत राहायला आली होती. जानेवारीचे दिवस, त्यात धरणावरून येणारा वारा. सगळ्या देशांची नाकं सारखीच गळत होती. अपेक्षाच्या शाळेचं गाइड पथक तिथं यजमान होतं. यजमान म्हणजे पंगतीला वाढायचं, झेंड्याचे दोर ओढायचे आणि कुणी फोटो काढला की हसायचं.

तिचं घर रिसॉर्टच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर होतं. लहानपणी ती याच उतारावर शेळ्या घेऊन यायची. तरी पहिल्या दिवशी गेटवरच्या नरहरीकाकांनी काठी आडवी धरून तिला थांबवलं.

"हितं कुटं निगालीस? परक्या मान्सांना आत सोडायचं न्हाई. सायबांचा हुकूम हाय."

"काका, मी अपेक्षा. ओव्हाळांची."

"व्हय, ठावं हाय मला. पन हुकूम म्हंजी हुकूम."

गाइडच्या शिक्षिका सुनीती मॅडम मागून आल्या, त्यांनी सांगितलं, तेव्हा काठी बाजूला झाली. अपेक्षा आत गेली, पण तो शब्द तिच्याबरोबर आत गेला. परकी. गावाच्या टोकाला राहणाऱ्यांना हा शब्द काही नवा नसतो. कधी तो तोंडानं ऐकू येतो, कधी नुसत्या नजरेनं. अपेक्षाला मात्र दरवेळी तो नव्यानं लागायचा आणि याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी जाहीर झालं, की उद्या सगळ्या पाहुण्यांना अलिबागला न्यायचं. समुद्र, किल्ला, जेवण आणि परत. प्रत्येक परदेशी गाइडबरोबर इथली एक जोडीदार. अट एकच: जोडीदाराला इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

झालं. हिंजवडीच्या शाळेतल्या मुलींनी भराभर हात वर केले. त्यांच्यात आरोही सगळ्यात पुढे. आरोहीचे आईबाबा दोघंही आयटीत, तिचं इंग्रजी असं सुटायचं की समोरच्या परदेशी मुलीला श्वास घ्यायला सवड मिळत नसे. तिला डेन्मार्कची जोडीदारीण मिळाली. अपेक्षाचं इंग्रजी कागदावर बरं होतं, तोंडात आलं की त्याचे पाय लटपटायचे. ती मागे उभी राहून बघत होती. आणि बघता बघता तिला दिसलं, की नेपाळची एक मुलगी तशीच उरली आहे. गोल चेहरा, गळ्यात निळा स्कार्फ, गालावर थंडीनं उललेली कातडी, आणि कुणी इंग्रजीत काही विचारलं की नुसतं हसणारी. तिला कुणी घेत नव्हतं.

अपेक्षा सरळ पुढे गेली.

"मॅडम, मी व्हते हिची जोडीदार. हिला इंग्लिश येत न्हाई, मलाबी येत न्हाई. बरूबर जमंल."

सुनीती मॅडमना हसू आलं. पण हसू आवरून त्यांनी अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, हिच्या पथकाच्या दीदी उद्या येत नाहीत, पथकातल्या एका मुलीला ताप आहे. म्हणजे हिची सगळी जबाबदारी तुझ्यावर. जोडीनं जायचं, जोडीनं यायचं. काय?"

"जोडीनं जायचं, जोडीनं यायचं," अपेक्षा म्हणाली. असल्या गोष्टी ती उगीच तोंडदेखल्या म्हणणारी नव्हती.

मुलीचं नाव सुम्निमा राई. नेपाळच्या पूर्वेकडच्या डोंगरातली. समुद्र तिनंही कधी पाहिलेला नव्हता.

बस उजाडायच्या आत निघाल्या आणि ताम्हिणीच्या घाटाला लागल्या. दोघींची हिंदी म्हणजे दोन्हीकडून चेपलेलं भांडं, तरी त्यातून बरंच काही सांडत-वाहत इकडून तिकडे गेलं. घाट उतरेपर्यंत अपेक्षाला कळलं होतं, की सुम्निमाची आई वेलचीच्या बागेत कामाला जाते, घर इतकं उंचावर आहे की ढग खाली दिसतात, आणि आईनं निघताना एकच गोष्ट मागितली आहे: समुद्राचं पाणी. बाटलीभर. देव्हाऱ्यात ठेवायला की नुसतं चाखून बघायला, ते सुम्निमालाही माहीत नव्हतं. मागितलंय म्हणजे न्यायचं, एवढंच. अपेक्षाला हे फार आवडलं.

आणखी एक मजा होती. लिपी एकच. सुम्निमा रस्त्यावरच्या पाट्या धडाधड वाचत होती. "केश कर्तनालय," ती मोठ्यानं म्हणायची आणि अर्थ विचारायची. त्यामुळे दोघींना वाटायला लागलं, की आपल्याला एकमेकींची भाषा जवळजवळ येतेच. हा गैरसमज फार सुखाचा असतो. विळ्याच्या जवळ सुम्निमानं पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, "अपेक्षा, खाजा?"

"खाज? कुटं? पाठीला?" म्हणत अपेक्षानं तिची पाठ खाजवायला घेतली.

सुम्निमा अंग चोरत, हसत, ओरडत सीटवरून खाली. खाजा म्हणजे त्यांच्याकडे मधल्या वेळचं खाणं. डब्यात चिवडा होता. हे कळल्यावर अपेक्षा इतकी हसली, की पुढच्या सीटवरच्या आरोहीनं कानातले इअरफोन काढून विचारलं, "गाईज, काय चाललंय?"

भिऱ्याचा फाटा आला तेव्हा अपेक्षानं खिडकीतून बोट दाखवलं. "वो देख. हमारे धरण का पानी डोंगर के पेट में से इधर आता है. बिजली बनाता है. फिर नदी में जाता है, कुंडलिका. फिर समुद्र में." तिच्या आजोबांनी तिला हे लहानपणी सांगितलं होतं. आपल्या बुडालेल्या खाचरांवरचं पाणी कुठं जातं ते आपण एकदा तरी बघून यावं, असं ते म्हणायचे. त्यांना काही जमलं नाही. समुद्र बघायचा हट्ट अपेक्षाच्या डोक्यात शिरला तो तिथून.

आणि अलिबागला पोचल्यावर बघते तर समुद्र जागेवर नाही. ओहोटी होती. लांबवर ओल्या वाळूचा आणि काळ्या खडकांचा पसारा, मध्ये किल्ला, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे जाऊन बसलेला. किल्ल्याकडे माणसं पायी चालत होती, टांगे धावत होते.

"कहाँ गया?" सुम्निमानं विचारलं.

"उतरलाय," अपेक्षा जाणकारासारखी म्हणाली. धरणाकाठची मुलगी ती. पाणी उतरणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. धरणाचं पाणी उतरलं की उतरलं. जूनपर्यंत ते परत यायचं नाव घेत नाही, आणि येतं तेही चार-चार बोटांनी, माणसाला विचारत विचारत. भरती-ओहोटी तिनं भूगोलात वाचली होती आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण पुस्तकातलं पाणी आणि आपल्या काठचं पाणी यात आपण मनातून कुठल्या पाण्यावर विश्वास ठेवतो, ते सांगायला नको.

बूट हातात घेऊन सगळे किल्ल्यात गेले. शिबिरप्रमुखांनी बजावलं होतं: तीन लांब शिट्ट्या झाल्या की जिथं असाल तिथून निघायचं, भरती थांबत नसते. किल्ल्यात गोड्या पाण्याची पुष्करणी बघून अपेक्षा चकित झाली. चहूकडे खारं आणि मधोमध गोडं. सुम्निमाला ते दाखवावं म्हणून ती वळली, तर सुम्निमा आरोहीच्या घोळक्यात. आरोही तिला मराठी शिकवत होती.

"वेडी," आरोही म्हणाली.

"वेडी," सुम्निमा म्हणाली, आणि अपेक्षाकडे बोट दाखवून खळखळून हसली. "अपेक्षा वेडी!"

सगळ्या हसल्या. अपेक्षाही हसली, पण ते हसू तिला ओढून आणावं लागलं. जोडीदार माझी, आणि फोटो आरोहीबरोबर. पाठ खाजवली मी, आणि शब्द शिकतेय तिच्याकडून. पंधराव्या वर्षी असल्या गोष्टींचा हिशेब मनात आपोआप होतो, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही.

तीन लांब शिट्ट्या झाल्या. रांग लागली. अपेक्षा दरवाजातून बाहेर पडून खडकांवरून चालू लागली, सुम्निमा मागे होती. तिला बाटली भरायची होती. "तू भर, मी हळू चालते," अपेक्षा हातानंच म्हणाली. पण हळू चालणं तिला कुठलं जमायला. डोक्यात ते 'वेडी' घोळत होतं आणि पाय आपसूक झपाझप पडत होते.

तेवढ्यात मागून हाक आली. वाऱ्यावर फाटलेली, पण स्वच्छ.

"अपेक्षा! पर्की! पर्की!"

अपेक्षा जागच्या जागी थिजली. कानशिलं तापली. पुन्हा आली हाक, या वेळी आणखी मोठ्यानं. "पर्की!"

हे आरोहीनं शिकवलं, तिला वाटलं. दुसरं कोण शिकवणार? गेटवरचा तमाशा त्या मुलींनी पाहिला होता, त्यावरून तंबूत खुसखुस झालीच असेल. आणि जिची जोडीदार व्हायला कुणी तयार नव्हतं, ती आता चारचौघांत मला परकी म्हणते. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान ताठ केली आणि चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही.

किनाऱ्याला पोचेपर्यंत वाटेत घोट्याएवढं पाणी झालं होतं. मुलं त्यात उड्या मारत, किंचाळत येत होती. बसजवळ सुनीती मॅडमनी गजर सुरू केला. मॅडम म्हणणार, "जोडी?" आणि दोघींनी एकमेकींचा हात वर करून म्हणायचं, "जोडी!"

"आरोही, जोडी?"

"जोडी!"

"अपेक्षा, जोडी?"

अपेक्षानं हात बाजूला केला. हातात हात आला नाही. ती वळली. मागे वाळू, त्यामागे पाणी, पाण्यापलीकडे किल्ला.

घोळक्यातली तोंडं तिनं एकेक करून बघितली.

"मला वाटलं ती तुझ्यासोबत आहे," आरोही म्हणाली.

शिबिरप्रमुख घड्याळ बघत आले. जेवण पुढच्या गावातल्या एका शाळेत ठेवलं होतं, तिथं गावकरी लेझीम घेऊन वाट बघत होते, पाहुण्यांचे सत्कार होते. ते म्हणाले, "अहो, ती मागच्या बसमध्ये बसली असणार. मुली फोटोच्या नादात इकडे तिकडे चढतात. पोचल्यावर मोजू. चला, चढा."

"ती मागच्या बसमदी न्हाई," अपेक्षा म्हणाली.

"तू पाहिलंस का?"

"न्हाई पायलं. पन ती बाटली भरत व्हती, आन् मी तिला सोडून आले."

"बाळ, चर्चा नंतर. चढ."

अपेक्षा चढली, पण पायरीवरच थांबली. दोन्ही बाजूंचे दांडे तिनं घट्ट धरले आणि दारातच उभी राहिली. आत जायची वाट बंद. "जोडीनं जायचं, जोडीनं यायचं," ती म्हणाली. "मी एकटी जानार न्हाई. आन् माझ्याबिगर ही बसबी जानार न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शिबिरप्रमुखांचा चेहरा लाल झाला. पुढच्या वर्षी तुमच्या शाळेला बोलवायचं की नाही याचा विचार करावा लागेल, असंही ते म्हणाले. खाली उभ्या असलेल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. अपेक्षाचे हात सुटले नाहीत. तिला माहीत होतं, की आपण चुकीचे निघालो तर सगळं शिबिर आपल्याला हसेल. आपण बरोबर निघालो तर काय, हा विचार त्याहून वाईट होता.

सुनीती मॅडम मागच्या बसकडे पळत गेल्या आणि तशाच पळत परत आल्या. "नाही," एवढंच म्हणाल्या.

मग जी धावपळ झाली ती सांगत बसत नाही. कुणी पोलिसांना फोन लावत होतं, कुणी होडीवाल्याला शोधत होतं. अपेक्षा तोवर बसमधून उतरून किनाऱ्यावर पोचलीही होती. शेवटचा टांगा पाण्यातून बाहेर येत होता. टांगेवाला जयवंत, दणकट, दाढीचे खुंट वाढलेला, घोड्याला चुचकारत होता.

"काका, किल्ल्यात चला. माझी जोडीदार राह्यलीय तितं."

"आता नाय जमाचा. पानी भरतंय, दिसत नाय?"

"ती एकलीच हाय. तिला पोहायला येत न्हाई. तिनं समुद्रच पयल्यांदा बगितलाय."

"होरी मागवतील साहेब लोक. घोरा नाय टाकाचा मी पान्यात आता."

"होडी येईस्तवर?"

जयवंतनं घोड्याचा लगाम किनाऱ्याकडे ओढला. अपेक्षानं किल्ल्याकडे तोंड केलं. "तुमी येत न्हाई तर मी चालत जाते," ती म्हणाली आणि खरोखरच पाण्यात शिरली.

पाणी घोट्यावर आलं, पोटऱ्यांवर आलं. हे पाणी आपल्या धरणासारखं नाही, हे तिला चार पावलांत कळलं. धरणाचं पाणी माणसाला नुसतं भिजवतं. हे ढकलत होतं. पायाखालची वाळू काढून घेत होतं. एक लाट गुडघ्यांवर आपटली आणि ती पडता पडता सावरली. ती घाबरली, पुरती घाबरली, आणि तरी तिनं पुढचं पाऊल टाकलं.

मागून मॅडमची किंकाळी आली, आणि तिच्याहून मोठ्यानं जयवंतची शिवी. मग पाणी चिरत येणाऱ्या घोड्याचा आवाज. टांगा तिच्या बाजूला येऊन थांबला. मॅडम आधीच आत बसल्या होत्या, त्यांची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांनी अपेक्षाला दंडाला धरून वर ओढलं आणि एक चापट मारली. नंतर तिला पोटाशी धरलं.

"काय पोर हाय," जयवंत पुटपुटला. "चल राजा, चल."

घोड्याच्या पोटाला पाणी लागलं होतं. किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या खडकावर निळा स्कार्फ दिसला आणि अपेक्षानं टांगा थांबायच्या आत उडी टाकली.

सुम्निमा भिंतीला टेकून बसली होती. उजवा घोटा सुजून आंब्याएवढा झाला होता. छातीशी धरलेली बाटली तिनं अजून सोडली नव्हती. अपेक्षाला बघून तिनं रडायला सुरुवात केली, आधी मुळीच रडली नव्हती.

"खुट्टा मर्कियो," ती पायाकडे दाखवत म्हणाली.

"बिगीनं या!" जयवंत ओरडला. "आता निगालो नाय तं हितंच!"

बोलायला वेळ नव्हता. अपेक्षानं पाठ केली, सुम्निमाला पाठुंगळीला घेतलं. डोंगरातली पोर चांगली भरलेली होती. खडक शेवाळलेले, पाय घसरत होते, मॅडम बाजूनं धरत होत्या. मधेच अपेक्षाचा पाय निसटला. सुम्निमानं तिच्या गळ्याला मिठी मारायला दोन्ही हात पुढे केले आणि बाटली खडकावर आपटून पाण्यात गेली. सुम्निमाच्या तोंडून नुसता "आ" निघाला. थांबायला कुणालाही सवड नव्हती.

टांगा परत फिरला. पाणी आता बैठकीच्या फळीला चाटत होतं. घोडा मान वर करून चालत होता आणि जयवंत त्याच्याशी सारखं काहीतरी बोलत होता. मॅडमनी स्कार्फ सोडून सुम्निमाचा घोटा बांधला. किनारा जवळ आला, तिथली माणसं ओळखू येऊ लागली, तेव्हा कुठं अपेक्षाला श्वास मिळाला. आणि श्वास मिळाला तशी तिला आठवण झाली.

ती सुम्निमाकडे न बघता म्हणाली, "तूने मेरे को परकी क्यूँ बोला?"

"के?"

"परकी. परकी बोली ना मेरे को. सब के सामने. परकी मतलब बाहर का. अपना नहीं ऐसा."

सुम्निमा तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द शोधले. मग ती जोरजोरात नकारार्थी मान हलवत म्हणाली, "पर्की होइन! पर्ख! पर्ख!" दोन्ही तळहात तिनं पुढे धरले, ट्रॅफिकचा पोलीस धरतो तसे. "पर्ख. रुको. मेरा पाँव... मैं बोली, रुको, अपेक्षा, रुको!"



रुको म्हणत होती. दगडात पाय अडकला होता, मुरगळला होता, आणि ती रुको म्हणत होती. आणि मी ऐकून मान ताठ केली. अपेक्षाला इतकी लाज वाटली, की समुद्रात उतरून घरी चालत जावंसं वाटलं. तिनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

सुम्निमानं ते हात बाजूला केले. "तुम समझा, मैं गाली दिया?"

"हां."

"फिर भी आया?"

अपेक्षानं नाक पुसलं. "जोडी है ना," ती म्हणाली.

सुनीती मॅडमनी तोंड समुद्राकडे फिरवलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं त्या नंतर सांगत होत्या.

किनाऱ्यावर टाळ्या झाल्या. शिबिरप्रमुख म्हणाले, शाब्बास, आणि घड्याळाकडे बघितलं नाही. आरोहीनं स्वतःचं जॅकेट सुम्निमाला घातलं आणि पर्खची गोष्ट कळल्यावर रडवेली होऊन म्हणाली, "आय स्वेअर अपेक्षा, मी तसलं काही कधीच शिकवलं नसतं." अपेक्षा म्हणाली, ठावं हाय. आता ठावं होतं. सुम्निमानं दवाखान्यात पाय बांधून घेतला, लेझीम उशिरा पण झालं, आणि परतीच्या बसमध्ये दोघी एकमेकींवर डोकं टाकून झोपल्या. बाटलीचा विषय मात्र सुम्निमानं काढला नाही. अपेक्षानं तो मनात धरून ठेवला.

निरोपाच्या दिवशी नेपाळची बस सगळ्यात आधी सुटणार होती. अपेक्षा सकाळीच कुंपणाबाहेरून उतारानं खाली धरणावर गेली. घरातली चांगली घट्ट झाकणाची बाटली घासून नेली होती. वाऱ्यानं काठाशी काटक्या-कचरा जमला होता, म्हणून ती सलवार वर खोचून आत गेली, स्वच्छ पाणी लागेपर्यंत गेली, आणि बाटली भरली. हे पाणी आज ना उद्या डोंगराच्या पोटातून भिऱ्याला उतरणार आणि तिथून समुद्राला जाणार. म्हणजे हे समुद्राचंच, फक्त अजून पोचायचं राहिलेलं. सुम्निमाच्या आईला एवढं तर नक्की कळेल, असा तिचा हिशेब होता.

पण आत जाण्यात वेळ गेला. ती चढ चढून वर येते तर बस गेटमधून बाहेर पडून पुण्याकडे, पिरंगुटच्या दिशेनं वळत होती.

अपेक्षा धावत सुटली. ओली सलवार पायात अडकत होती, बाटली छातीशी. धूळ नाकातोंडात गेली. बसनं वेग घेतला. थांबा म्हणून उपयोग नव्हता, ड्रायव्हरनं गाणी लावली होती. तिनं पोटातून सगळा आवाज काढला.

"पर्ख! सुम्निमा, पर्ख! पर्ख!"

गेटवर काठी टेकून उभे असलेले नरहरीकाका चमकले. "अगं ए अपेक्षा! पावन्यांना परकी म्हंतीस व्हय गं? लाज न्हाई वाटत?"

तिला थांबून समजवायला सवड नव्हती. ती धावता धावताच ओरडली, "परकी न्हाई वो काका! कुनी परकी न्हाई! पर्ख!"

पुढे खिडकीतून निळ्या स्कार्फांची गर्दी बाहेर आली, आणि सगळ्या बसनं एका आवाजात ड्रायव्हरला सांगितलं, रोको, रोको. ब्रेक कचकन लागले. बांधलेला पाय उचलत, दाराचा दांडा धरून सुम्निमा पायरीवर येऊन उभी राहिली होती.

"पर्खें," ती म्हणाली. थांबले.